पेडल ढिलं लागतंय

दोरांदो मालागोली भित्रा होता. मोदेनातल्या न्हाव्याच्या दुकानात आरशाशेजारी त्याचा फोटो लावलेला होता. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात गॉगल आणि सगळे दात दाखवणारं हसू. गालाला साबण लावून बसलेली माणसं त्या फोटोकडे बघून म्हणायची, "याला जन्माला घालताना भीती घालायचीच राहून गेली." आणि इकडे दोरांदो दर शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी जेवणावरून उठून न्हाणीघरात जायचा, नळ मोठा सोडायचा आणि खाल्लेलं सगळं ओकून परत येऊन म्हणायचा, "चीज आहे का अजून?"

त्याचा बाप घोडागाडीतून गावोगावचं दूध चीजच्या कारखान्यात पोचवायचा. लढाई संपली तेव्हा घोडा मेला होता, बापही थकला होता, आणि सैन्याने टाकून दिलेली एक लॉरी दोरांदोच्या हाती लागली. दूध नासायच्या आत पोचवायचं म्हणजे गाडी पळवावी लागते. आमच्याकडचं हिवाळ्यातलं धुकं असं की स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नाही, आणि हा पठ्ठ्या त्या धुक्यात कॅनचा खडखडाट करत एमिलियाच्या हमरस्त्यावरून सुसाट जायचा. रस्ता त्याला पाठ होता. एका पहाटे त्याने एका काळ्या मोटारीला मागे टाकलं. मोटारीत कोमेंदातोरे वांदेल्ली बसले होते, 'कोमेंदातोरे' हा सरकारी किताब मिळवलेले, शर्यतीच्या लाल गाड्या बनवणाऱ्या कारखान्याचे मालक. त्यांनी चीजच्या कारखान्यापर्यंत त्याचा पाठलाग केला, खाली उतरले, लॉरीच्या टायरला काठीने टोचून पाहिलं आणि म्हणाले, "या चाकांवर हा वेग? तू वेडा आहेस की गाढव?"

"घाईत आहे, साहेब," दोरांदो म्हणाला. "दूध नासेल."

दुसऱ्या आठवड्यात तो वांदेल्लींच्या कारखान्यात लागला. सुरुवातीला नुसती सांगाडा गाडी, वर पत्रा नाही, बसायला लाकडी खोकं, ती डोंगरातल्या सेर्रामात्सोनीच्या रस्त्यावर वरखाली पळवून आणायची आणि कुठे काय वाजतं ते मेकॅनिकला सांगायचं. त्या कामात त्याला कधी भीती वाटली नाही. मग एका शर्यतपटूचा पाय मोडला, दुसरा कुणी मिळेना, आणि कोमेंदातोरे म्हणाले, "दूधवाल्याला बसवा."

पहिल्या शर्यतीत, झेंडा पडायच्या आधी, चारही बाजूंनी इंजिनं फुरफुरत असताना त्याचा उजवा गुडघा थरथरायला लागला. त्याने हाताने दाबून धरला, तरी थांबेना. पोटात गोळा आला, जीभ टाळूला चिकटली. त्याला वाटलं, पहिलीच वेळ आहे, पुढच्या वेळी होणार नाही. पुढच्या वेळीही झालं. त्यानंतर आठ वर्षं, प्रत्येक शर्यतीत, झेंड्याच्या आधीपासून शेवटच्या फेरीपर्यंत तो गुडघा थरथरत राहिला. आणि याच गुडघ्याखालचा पाय ब्रेकवर असायचा.

आता आमच्या मोदेनात माणसं काही लपवत नाहीत. पोट बिघडलं तरी कॅफेत चार जणांना सांगून मग डॉक्टरकडे जातात. पण शर्यतपटूंच्या टेबलावर एक शब्द निषिद्ध होता. जेवणाची, बायकांची, टायरची, पाद्र्याची, सगळ्यांची चेष्टा चालायची, पण 'भीती' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. पार्मा गावचा एक तरणाबांड गडी दोरांदोच्या आधी वांदेल्लींकडे होता. एकदा जेवताना दोन पेले लांब्रुस्को दारू जास्त झाली आणि तो हळूच म्हणाला, "मला भीती वाटते रे." टेबलावरच्या सगळ्यांनी काटे खाली ठेवले आणि खुर्चीच्या लोखंडी पायाला हात लावला. लोखंडाला हात लावला की अशुभ टळतं म्हणतात. कुणी त्याला हसलं नाही, कुणी चिडवलं नाही. फक्त पुढच्या रविवारी त्याच्या गाडीत दुसरा माणूस होता, आणि कॅफेत त्याच्या टेबलावर बसायला कुणी जाईना. पटकी झालेल्या माणसाच्या घरावरून लोक जसे वळसा घालून जातात तशी गत. भीतीची लागण होते, असं सगळ्यांचं पक्कं मत होतं.

मग ज्यांना भीती वाटायची ते काय करायचे? ते गाडीबद्दल तक्रार करायचे. क्लच घसरतोय. मागचं चाक डुलतंय. दोरांदोची तक्रार ठरलेली असायची: पेडल ढिलं लागतंय. सराव करून पिटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या गाड्या दुरुस्त करायच्या जागेत, आला की गॉगल वर करून म्हणायचा, "इवो, ब्रेक बघ जरा. पेडल ढिलं लागतंय."

इवो तोसात्ती हा त्याचा मेकॅनिक. तोंडात कायम न पेटवलेली चिरूट, पोट सुटलेलं, आणि कुणी मेलं की आठवडाभर कुणाशी न बोलणारा. तो काहीही न बोलता पान्हा घेऊन चाकापाशी वाकायचा, एक नट अर्धा आटा घट्ट करायचा, परत अर्धा आटा सैल करायचा, आणि उठून म्हणायचा, "झालं. आता दगडासारखं लागेल." मेकॅनिक मंडळी आपापसात याला 'तीर्थ शिंपडणं' म्हणायची. सगळ्या संघांत, सगळे मेकॅनिक हे करायचे. कुणाला किती तीर्थ लागतं हे त्यांना पाठ असायचं आणि ते बाहेर कुठे बोलायचे नाहीत. आणि गंमत म्हणजे त्याने खरंच बरं वाटायचं. दोरांदो परत गाडीत बसायचा, पेडल दाबून बघायचा आणि म्हणायचा, "हां, आता ठीक."

आठ वर्षांत त्याच्या पुढचे-मागचे कितीतरी गेले. कुणी झाडावर, कुणी खंदकात, एक तर सरावात, कुणी बघतही नसताना. कोमेंदातोरे फुलांचं मोठं चक्र पाठवायचे, आणि सोमवारी कारखान्यातला शिवणारा टेप घेऊन नव्या माणसाच्या कमरेचं माप घ्यायला यायचा, कारण सीट प्रत्येकाच्या मापाची वेगळी शिवावी लागे. दोरांदो मात्र जगला. जीव मुठीत धरून चालवणारा माणूस वळणावर थोडा आधी ब्रेक लावतो, त्यामुळे तो कधी पहिला आला नाही आणि कधी मेलाही नाही. वर्तमानपत्रवाले त्याला 'विश्वासू दोरांदो' म्हणत. हे वाचून त्याच्या अंगावर काटा यायचा.

त्याची बायको झेलिंदा पास्ता लाटायचं छोटं दुकान चालवायची. ती एकाही शर्यतीला आली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "दुकान कोण बघेल?" रविवारी दुकान बंद असतं हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. दोरांदोने तिला कधी आग्रह केला नाही. ती आली तर आपला गुडघा बघेल अशी त्याला धास्ती होती.

हे सगळं असंच चालत राहिलं असतं, पण छप्पन साली सप्टेंबरच्या सुरुवातीला रोक्कानोवाची शर्यत आली.

रोक्कानोवा हे मोदेना आणि रेज्जोच्या मधलं गाव. शर्यत गावाच्याच रस्त्यांवरून: पॉप्लरच्या रांगेतून, विटांच्या भट्टीमागून फिरून, पूल ओलांडून, चर्चच्या भिंतीला घासून परत चौकात. हा दोरांदोचा दुधाचा रस्ता. इथल्या प्रत्येक खड्ड्याशी त्याची ओळख होती. घरच्या मैदानात वांदेल्लींच्या दोन गाड्या उतरल्या. एक दोरांदोची, दुसरी फुल्कोची.

फुल्को हा तोरिनोकडचा मार्कीस, म्हणजे उमराव घराण्यातला, आणि संघातला पहिला माणूस. उंच, सडपातळ, रेशमी रुमाल बांधून गाडी चालवणारा, आणि चालवायचा मात्र अशी की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. त्या काळात नियमच असा होता की पहिल्या माणसाची गाडी बिघडली, तर दुसऱ्याला पिटमध्ये बोलावून घ्यायचं, त्याने उतरायचं आणि पहिल्याने त्याच्या गाडीत बसून पुढे जायचं. दुसऱ्याला विचारत नसत. दोरांदोने फुल्कोला अशी गाडी बरेचदा दिली होती, आणि दर वेळी वरून तोंड पाडलं होतं आणि मनातल्या मनात मारियामातेचे आभार मानले होते.

आदल्या दिवशी सरावानंतर तो इवोला म्हणाला, "पेडल ढिलं लागतंय." इवोने तीर्थ शिंपडलं. म्हणजे सगळं नेहमीसारखंच होतं.

झेंडा पडला तेव्हाही नेहमीसारखंच. गुडघा थरथरत होता, तोंडाला कोरड. पण काही फेऱ्या झाल्यावर, भट्टीमागच्या वळणावर, दोरांदोच्या लक्षात आलं की काहीतरी वेगळं आहे. काय वेगळं आहे हे कळायला त्याला पुलापर्यंत जावं लागलं. गुडघा थांबला होता. पाय लाकडासारखा घट्ट. पोटात गोळा नव्हता. चर्चची भिंत आली तेव्हा त्याला पहाटे तिथे उभी राहणारी कॅन धरलेली म्हातारी आठवली आणि हसू आलं. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याला गाडी चालवायला मजा येत होती. दुधाच्या लॉरीत यायची तशी.

आणि पुढच्याच फेरीत, पुलाच्या उतारावर, पेडल ढिलं लागलं.

थोडंसंच. नेहमीपेक्षा बोटभर खाली गेलं आणि मग ब्रेक लागला. 'झालं,' त्याला वाटलं, 'आली परत भीती.' पुढच्या वळणावर त्याने पेडल दोनदा दाबून पाहिलं, ब्रेक नीट लागला. त्याच्या पुढच्या फेरीत परत बोटभर. तो स्वतःवरच चिडला. इतक्या वर्षांनी जरा कुठे सुख लागत होतं, तर हे भूत परत मानगुटीवर. तेवढ्यात पिटवरून पाटी दिसली. त्यावर खडूने त्याचं नाव होतं आणि आत ये म्हणून बाण. फुल्कोच्या इंजिनाने चौकात धूर काढला होता.

तो आत आला. फुल्को रुमाल घट्ट करत उभाच होता. पेट्रोल ओतलं जात होतं. दोरांदो सीटमधून अंग काढून घेत म्हणाला, "मार्कीस, ब्रेक सांभाळून. पेडल ढिलं लागतंय."

फुल्को हसला. पिटमधले सगळेच हसले. फुल्को सीटमध्ये उतरत म्हणाला, "दोरांदो, तुझ्या लग्नातसुद्धा तू पाद्र्याला हेच म्हणाला असशील."

इवो सवयीने पान्हा घेऊन पुढच्या चाकापाशी वाकला, अर्धा आटा पुढे, अर्धा आटा मागे. "झालं," तो म्हणाला. "दगडासारखं लागेल." आणि गाडी गेली.

दोरांदो पिटच्या कठड्याला टेकून उभा राहिला. कुणीतरी पाण्याची बाटली दिली. आता नेहमी व्हायचं ते व्हायला हवं होतं. अंगातून भीती ओसरते, हातपाय गळून जातात, रडू येईलसं वाटतं आणि सगळं जग गोड दिसतं. तो वाट बघत राहिला. तसं काही झालंच नाही. ओसरायला काही नव्हतंच.

तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि हातातली बाटली सुटली.

आपलं पेडल ढिलं व्हायचं ते गुडघ्यामुळे. पाय थरथरला की पेडल डळमळतं. आठ वर्षं हेच. आज पाय घट्ट होता. पाय घट्ट असताना पेडल खाली गेलं. म्हणजे आज ते खरंच खाली जात होतं.

तो इवोकडे धावला. "इवो, त्याला आत बोलाव. ब्रेक जातोय."

"हो, हो," इवो म्हणाला. त्याचं लक्ष रस्त्याकडे होतं.

"हो हो काय! खरं सांगतोय. ब्रेक जातोय."

"बघितलाय मी ब्रेक. पाणी पी जरा."

"तू काय बघितलंस ते मला माहितीय!"

इवोने चिरूट तोंडातून काढली. तीर्थाबद्दल शर्यतपटूने बोलायचं नसतं. ते दोघांनाही माहीत असतं, पण बोलायचं नसतं. फुल्को समोरून गर्जत गेला. पुढच्या हिरव्या गाडीशी अंतर घटलं होतं, कठड्यापलीकडे लोक टोप्या उडवत होते. दोरांदोला फक्त पुलाचा उतार दिसत होता, आणि त्याच्या तळाशी चर्चची भिंत.

कोमेंदातोरे पिटच्या मागच्या बाजूला खुर्चीत बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. शेजारी वर्तमानपत्रवाले, गावचा मेयर, आणि पलीकडच्या संघाचे दोन-तीन मेकॅनिक डोकावत होते. दोरांदो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, फुल्कोला आत बोलवा. ब्रेक जातोय."

"तो पुढे सरकतोय," कोमेंदातोरे म्हणाले. "दिसत नाही का?"

"पेडल खाली जातंय, साहेब. मी स्वतः अनुभवलंय."

"तुझं पेडल," कोमेंदातोरे शांतपणे म्हणाले, "आठ वर्षं खाली जातंय, दोरांदो. मी कधी काही म्हटलं नाही. आज घरचं मैदान आहे. जा, बस."

वर्तमानपत्रवाले हसले. म्हणजे मालकालाही माहीत होतं! दोरांदोची कानशिलं तापली. एखादा माणूस तिथेच गप्प बसला असता, आणि त्याला कुणी बोलही लावला नसता. ब्रेक गेला असता तर लोक म्हणाले असते, नशीब. दोरांदोने तर सांगितलं होतं, तिघांना सांगितलं होतं. त्याची जबाबदारी संपली होती. फुल्को परत समोरून गेला. आवाज भट्टीमागे बुडाला आणि दोरांदो श्वास रोखून तो परत वर यायची वाट बघत राहिला. वर आला. म्हणजे अजून एक फेरी.

एकच गोष्ट बोलायची राहिली होती, आणि ती बोलल्यावर मोदेनात आपल्या टेबलावर कुणी बसणार नाही हे त्याला ठाऊक होतं. गाडी जाईल. न्हाव्याच्या दुकानातला फोटो जाईल. त्याला पार्माचा तो तरणा गडी आठवला, कॅफेच्या कोपऱ्यात एकटा कॉफी ढवळत बसलेला.

"मला भीती वाटते," दोरांदो म्हणाला.

आवाज घोगरा निघाला, म्हणून त्याने परत म्हटलं, जरा मोठ्याने. "मला भीती वाटते, साहेब. पहिल्या शर्यतीपासून. एकही शर्यत अशी गेली नाही की माझी पाचावर धारण बसली नाही. आदल्या रात्री मी ओकतो. गाडीत माझा गुडघा थरथरतो, म्हणून पेडल ढिलं लागतं. ब्रेकला कधीच काही झालेलं नव्हतं. इवो नुसता पान्हा फिरवतो, तेही मला माहितीय. पण आज मला भीती वाटत नव्हती! आज माझा पाय घट्ट होता, आणि तरी पेडल खाली गेलं. माझी भीती मला पुरती ओळखीची आहे, साहेब. ही ती नाही. हा ब्रेक आहे."

मेयरांनी खुर्चीच्या लोखंडाला हात लावला. पलीकडचे मेकॅनिक एक पाऊल मागे सरले. वर्तमानपत्रवाल्यांपैकी एकाने पेन्सिल काढली आणि कोमेंदातोरेंच्या नजरेला नजर भिडताच परत खिशात घातली. दोरांदोकडे कोमेंदातोरे असे बघत होते, जसं कुणी चारचौघांत उघड्या पडलेल्या घरच्या माणसाकडे बघावं.

इवो मात्र बघत नव्हता. त्याने चिरूट फेकली, पाटी उचलली, बाहीने पुसली आणि खडू शोधायला लागला. खडू सापडेना. "खडू कुठाय? अरे, खडू कुठाय रे भडव्यांनो!" तो ओरडला, आणि त्याच्या आवाजात जे होतं ते ऐकून सगळेच खडू शोधायला लागले. फुल्को समोरून गेला तेव्हा पाटी कोरीच होती. मग खडू सापडला, त्याच्याच खिशात.

आता पूर्ण फेरी थांबायचं होतं. भट्टीमागून आवाज यायला हवा, मग पूल, मग चर्च, मग चौक. इवो पाटी धरून रस्त्याच्या कडेला उभा, त्याच्या मागे दोरांदो. हिरवी गाडी गेली. आणखी एक गेली. फुल्कोचा आवाज नाही. दोरांदोचा गुडघा आता थरथरत होता, दोन्ही गुडघे, हात, जबडा, सगळंच. 'मी उशीर केला,' तो मनात म्हणत होता. 'लाज वाटली म्हणून मी उशीर केला.' पुलाकडून लोकांचा गलका झाला की तसा भास झाला हे त्याला कळेना. कुणीतरी तिकडे हात करून काही सांगत होतं.

मग आवाज आला, पण तो चुकीचा होता. इंजिन किंचाळत होतं, एकेक गिअर खाली पडत होता, ब्रेकऐवजी गिअरने गाडी आवरतात तसा. लाल गाडी चौकात तिरकी शिरली, पाटीसमोरून, पिटसमोरून, थांबायला हवं तिथून पुढे गेली, आणि कडेला रचलेल्या गवताच्या भाऱ्यांत घुसून एकदाची थांबली. एका बाजूचा पत्रा मागच्या चाकापर्यंत खरवडलेला होता, त्यावर चर्चच्या भिंतीचा पिवळा चुना.

दोरांदो सगळ्यात आधी पोचला. फुल्को आत बसलेला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जणू अजून चालवतोय. रेशमी रुमाल घामाने काळा पडला होता.

"मार्कीस, लागलं का कुठे?"

फुल्कोने नाही म्हणून मान हलवली. त्याने गॉगल काढले तेव्हा डोळ्यांभोवतीची कोरडी कातडी पांढरीफटक दिसली. "पेडल," तो पुटपुटला. "केव्हाचं पार जमिनीला टेकतंय."

"मग आत का नाही आलात?"

मागून इवो आणि बाकीची माणसं धावत येत होती. फुल्कोने त्यांच्याकडे बघितलं आणि दोरांदोची बाही पकडून त्याला जवळ ओढलं.

"मला वाटलं, मीच आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, नेहमीसारखी मला भीतीच वाटतेय." आणि मग, आणखी हळू, "कुणाला सांगू नकोस."

पुढच्या चाकाच्या आतून ब्रेकचं तेल ठिबकत होतं. नळी चिरली होती. इवोने ती बोटाने वाकवून कोमेंदातोरेंना दाखवली, आणि मग तिथेच मातीत बसून रडायला लागला. त्या नळीपासून वीतभर अंतरावर त्याने पान्हा फिरवला होता. कोमेंदातोरेंनी नळी बघितली, फुल्कोच्या खांद्यावर थोपटलं, आणि दोरांदोला बाजूला नेलं.

"तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. "एक माणूस वाचवलास. मी विसरणार नाही."

"हो, साहेब."

"पण जे बोललास ते सगळ्यांनी ऐकलंय. उद्या तुला गाडीत बसवलं तर इतर पोरं तुझ्याकडे बघतील. बघितलं की विचार करतील. कळतंय ना?"

"कळतंय."

दोरांदोने वळून फुल्कोकडे पाहिलं. फुल्को फोटोवाल्यांसमोर उभा होता, खरवडलेल्या पत्र्यावर हात ठेवून, हसत. दोरांदोची नजर आली तशी त्याने मान खाली घातली आणि रुमाल सोडायला लागला. तो एक शब्द बोलला असता तर काय झालं असतं कोण जाणे. दोरांदोला त्याचा राग आला नाही. त्याला फुल्कोबद्दल भीती वाटली.

घरी येऊन त्याने झेलिंदाला सगळं सांगितलं, न्हाणीघरातल्या नळापासून. फुल्को काय म्हणाला तेही सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे, असं त्याने स्वतःला समजावलं. तिने नवल दाखवलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आणि तो? तो अजून चालवणार?"

"पुढच्या रविवारी. मोंझाला."

"अरे देवा," झेलिंदा म्हणाली. "त्याला आई आहे का?"

"आहे."

रविवारी सकाळपासून दोरांदोला घरात बसवेना. पुढे तो बसच्या कंपनीत लागला आणि डोंगरातल्या म्हाताऱ्यांना तीस वर्षं सुखरूप बाजाराला नेत राहिला, पण त्या रविवारी त्याच्याकडे कसलंच काम नव्हतं. कॅफेत जायची सोय नव्हती. तो अंगणात गेला, परत आला, सायकलला तेल घातलं, खिडकी उघडली, मिटली. शर्यत सुरू व्हायची वेळ झाली तशी झेलिंदाने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, फळीवरचा रेडिओ सुरू केला, टेबलापाशी दुसरी खुर्ची ओढली आणि वालाच्या शेंगांची टोपली मधे ठेवली.

"बस इथे," ती म्हणाली. "खिडकीकडे तोंड करून नको. रस्त्यावरून कुणी सायकलवरून आलं की वाटतं, सांगायलाच आलंय."

तो बसला. रेडिओवाला भराभर नावं घेत होता. दर फेरीला फुल्कोचं नाव यायचं, दोरांदो श्वास सोडायचा, आणि लगेच पुढच्या फेरीची भीती सुरू व्हायची. गाडीत निदान स्टिअरिंग हातात असायचं. इथे हातात काहीच नव्हतं. त्याला वाटलं, आपण गाडीत कधी इतके घाबरलो नव्हतो.

मग एका फेरीला रेडिओवाल्याने सगळी नावं घेतली आणि फुल्कोचं घेतलं नाही.

दोरांदो रेडिओकडे वळला. "त्याने नाव घेतलं नाही," तो म्हणाला. "झेलिंदा, त्याने नाव घेतलं नाही!"

"असं होतं," ती म्हणाली. तिची बोटं थांबली नव्हती. "कधी कधी तो विसरतो. कधी मधेच जाहिरात लागते. पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं."

"तुला कसं माहीत?"

तिने त्याच्याकडे बघितलं, आणि ती काही बोलण्याआधीच त्याला कळलं.

"मग तोपर्यंत तू काय करायचीस?" त्याने विचारलं.

"शेंगा सोलायचे."

तिने मूठभर शेंगा त्याच्यासमोर ठेवल्या. त्याने एक उचलली. नख लागेना, तेव्हा तिने ती त्याच्या हातातून घेऊन टोकाशी दाबून दाखवली आणि परत दिली. रेडिओवर कसली तरी जाहिरात लागली, संपली. मग रेडिओवाला परत आला, पहिलं नाव घेतलं, दुसरं घेतलं, आणि तिसरं फुल्कोचं.

झेलिंदाने टोपली त्याच्याकडे सरकवली. शर्यत अजून अर्धीही झाली नव्हती.